अस्सल, नक्कल, बनावट: जुन्या गाडीच्या वायरिंगचं वाचन

जुनी स्पोर्ट्स कार विकायला काढली की जाहिरातीत एक वाक्य बहुतेक वेळा असतंच: 'सगळे इलेक्ट्रिकल पार्ट ओरिजिनल, तारखांसह.' गाडीचा रंग फोटोत दिसतो, इंजिनाचा आवाज व्हिडिओत ऐकू येतो, पण हे वाक्य मात्र विश्वासावर घ्यावं लागतं. आणि त्याची किंमत मोजावी लागते. सारखीच दोन मॉडेलं, सारखंच वर्ष, पण एकीच्या डायनॅमोवर 'बरोबर' तारीख आहे आणि दुसरीच्या नाही, एवढ्यावरून भाव बदलतो. आखातात पंचवीस-तीस वर्षं नोकरी केलेला आपल्यापैकी एखादा ग्रॅच्युइटीतले थोडे पैसे बाजूला काढून लहानपणी चित्रात पाहिलेली एमजी किंवा जॅग्वार घ्यायला निघतो, तेव्हा त्याला पहिल्यांदा गाठतं ते हेच वाक्य. एखाद्या कादंबरीची समीक्षा करावी तशी या वाक्याची करायला हवी. ते काय सांगतं, काय सांगितल्याचा आव आणतं, आणि ते खरं ठरवण्याच्या नादात काय फेकून दिलं जातं, हे पाहू.

आधी हा वाद इलेक्ट्रिकल भागांवरच का होतो, ते समजून घ्या. गाडीचा चासी नंबर आणि इंजिन नंबर कारखान्याच्या वहीत नोंदलेले असतात. एमजीच्या उत्पादनाच्या नोंदी इंग्लंडमध्ये गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडे आहेत. तिथून हेरिटेज सर्टिफिकेट मिळतं. गाडी कधी बांधली, कुठल्या रंगाची होती, कुठल्या देशात पाठवली, जास्तीचं कोणतं सामान बसवलं, हे त्यात असतं. डायनॅमो, कॉइल, डिस्ट्रिब्युटर यांची नोंद त्यात नसते, कारण हे भाग एमजी बनवतच नव्हती. बर्मिंगहॅमच्या जोसेफ ल्यूकस कंपनीकडून ते खोक्यांनी यायचे आणि ॲबिंग्डनच्या कारखान्यात जोडणीच्या वेळी हाताला येईल तो बसायचा. अमुक चासीवर अमुक डायनॅमो बसला, असा कागद मुळात तयारच झाला नाही. त्यामुळे इथे साक्षीदार एकच, तो भाग स्वतः.

तो साक्षीदार बोलतो मात्र बराच. एमजीबी घ्या. ही गाडी १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांवर बनली, म्हणून तिच्याबद्दलची माहिती भरपूर आहे. सुरुवातीच्या एमजीबीत ल्यूकसचा सी४० डायनॅमो, आपले मेकॅनिक ज्याला 'कटआउट' म्हणतात तो आरबी३४० रेग्युलेटर आणि २५डी४ डिस्ट्रिब्युटर असायचा. भागाच्या अंगावर मॉडेलचं नाव, पार्ट नंबर आणि बनवल्याची तारीख ठोकलेली असे. कुठे महिना आणि वर्ष, कुठे आठवडा आणि वर्ष. सीटच्या मागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून बारा व्होल्ट केलेले. फ्यूज दोनच. वायरिंगवर सुती वेणीचं आवरण. बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं, म्हणजे 'पॉझिटिव्ह अर्थ'. १९६७च्या अखेरीस मार्क टू आली आणि हे चित्र बदललं. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला, नव्या जातीचा सेल्फ आला आणि बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला गेलं. १९७४ नंतर दोन बॅटऱ्यांची एक झाली.

वायरचे रंगही ठरलेले. तपकिरी म्हणजे बॅटरीकडून थेट, फ्यूजशिवाय येणारी. पांढरी चावी फिरवल्यावर जिवंत होणारी. हिरवी तीच, पण फ्यूजमधून पुढे गेलेली. जांभळी कायम जिवंत, पण फ्यूजमागे, हॉर्न तिच्यावर. निळी हेडलाइटची, लाल पार्किंग आणि मागच्या दिव्यांची, काळी अर्थची. ब्रिटिश गाडीचं बॉनेट उघडून हॉर्नकडे पिवळी वायर जाताना दिसली, तर तिथे मधे कोणीतरी हात घातला आहे हे लगेच समजावं.

एवढी माहिती हाताशी असल्यावर पडताळणी सोपी वाटते: तारखा वाचा, रंग जुळवा, खूण करा, पुढे चला. गाड्यांच्या स्पर्धांमधले परीक्षक याच पद्धतीने गुण देतात. अमेरिकेत १९७४ पासून काम करणाऱ्या नॅशनल कॉर्व्हेट रिस्टोरर्स सोसायटीने तर हे शास्त्राच्या पातळीवर नेलं आहे. त्यांच्या जगात कारखान्यातून गाडी ज्या अवस्थेत बाहेर पडली ती अवस्था हे प्रमाण, आणि त्यापासून जितकं दूर तितके गुण कमी.

या पद्धतीचं श्रेय नाकारण्याचं कारण नाही. ती नसती तर कोणीही काहीही 'ओरिजिनल' म्हणून विकलं असतं. तिने माहिती गोळा केली, जुनी कॅटलॉगं जपली आणि डोळस खरेदीदार घडवले. माझा आक्षेप तिच्या तर्कावर आहे.

भागावरची तारीख तो भाग कधी बनला हे सांगते, तो कुठल्या गाडीवर बसला हे सांगत नाही. समजा गाडी मे १९६४ मध्ये बांधली. तिच्या डायनॅमोवर सप्टेंबर १९६५ असेल, तर तो डायनॅमो नंतर बसवलेला आहे, वाद संपला. त्यावर मार्च १९६४ असेल, तर तो मूळचा असू शकतो, एवढंच म्हणता येतं. त्याच महिन्यात ल्यूकसने तसलेच हजारो डायनॅमो बनवले, त्यातले कित्येक दुसऱ्या गाड्यांवर गेले आणि कित्येक सुट्या भागांच्या दुकानात पडून राहिले. तारीख दावा खोडू शकते, सिद्ध करू शकत नाही. तरीही जाहिरातीत, आणि पुष्कळदा परीक्षकाच्या कागदावरही, 'खोडता आलं नाही' याचं रूपांतर नकळत 'सिद्ध झालं' असं होतं.

काही संकेत तर एवढंही ठामपणे सांगत नाहीत. अमेरिकन डेल्को-रेमीच्या जनरेटर-अल्टरनेटरवर वर्षाचा फक्त शेवटचा आकडा, महिन्यासाठी एक अक्षर आणि मग दिवस असे. म्हणजे ३ हा आकडा १९६३चाही असू शकतो आणि १९७३चाही. मॉडेल, पार्ट नंबर, जोडणीची पद्धत यांची साथ घेतल्याशिवाय ती तारीख वाचताच येत नाही.

इथे आपल्याच भाषेतली एक जुनी शिस्त कामाला येते. वि. का. राजवाड्यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. तेव्हापासून महाराष्ट्रात कागद तपासणाऱ्यांची एक परंपराच तयार झाली आणि त्या परंपरेने तीन शब्द नीट वेगळे ठेवले: अस्सल, नक्कल आणि बनावट. अस्सल म्हणजे मूळ कागद. नक्कल म्हणजे मूळ कागदावरून उतरवून घेतलेली प्रत. ती प्रत आहे हे ती लपवत नाही आणि मूळ हरवलं असेल तेव्हा तीच आधार होते. बनावट म्हणजे मूळ असल्याची बतावणी करणारा कागद. इतिहासकार नकलेला तुच्छ लेखत नाही. कित्येक महत्त्वाची पत्रं आज नकलेतूनच उरली आहेत. त्याचा राग असतो तो बनावटीवर.

आता हे तीन शब्द बॉनेटखाली आणा. गाडीवर पहिल्यापासून असलेला डायनॅमो अस्सल. १९७५ मध्ये जुना जळाला म्हणून बसवलेला, अंगावर १९७५चीच तारीख असलेला डायनॅमो ही प्रामाणिक नक्कल. आज नव्याने बनवलेला, जुन्या धर्तीचा पण नवा म्हणूनच विकलेला भागही नक्कलच, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण जुन्या भागावरची तारीख घासून तिथे 'हवी ती' तारीख ठोकली, की तो बनावट. आणि गंमत पाहा, गुणपत्रिका केवळ तारीख वाचणारी असेल तर बनावट डायनॅमो पास होतो आणि प्रामाणिक नक्कल नापास होते. जी मोजपट्टी फसवणाऱ्याला बक्षीस आणि खरं सांगणाऱ्याला दंड देते, तिच्यात मुळातच दोष आहे.

इंग्रजीतल्या 'ओरिजिनल' या एका शब्दात हे तिन्ही अर्थ कोंबले गेले आहेत. म्हणून पुढच्या वेळी विक्रेता 'ओरिजिनल' म्हणाला, की मराठीत विचारा: अस्सल का? की नक्कल? विक्रेता बिनमराठी असला तरी हा प्रश्न मनाशी विचारल्याने तुमचं पुढचं बोलणं बदलेल.

बहारीनमध्ये बसून हे लिहिताना मोत्यांची आठवण होणं साहजिक आहे. या बेटाची कीर्ती तेलाच्या आधी मोत्यांमुळे होती. इथल्या मोत्यांची मोठी बाजारपेठ मुंबई होती आणि आखाती मोती-व्यापाऱ्यांची मुंबईत ये-जा होती. १९३०च्या दशकात जपानी संवर्धित मोत्यांनी आणि जागतिक मंदीने तो धंदा बसला. त्याच सुमारास, १९३२ मध्ये, जबल दुखानला तेल लागलं. संवर्धित मोत्यांच्या व्यापाराला बहारीनमध्ये आजही कायद्याने मनाई आहे आणि नैसर्गिक मोती तपासण्यासाठी 'दानात' नावाची संस्था २०१७ पासून काम करते. अस्सलपणाची काळजी घेणारी जागा म्हणून बहारीनचा हा वारसा खराच आहे.

पण मोत्याची परीक्षा आणि डायनॅमोची परीक्षा यांत एक मूलभूत फरक आहे. मोत्याचं खरेपण त्याच्या पोटात असतं. क्ष-किरणांत आतल्या थरांची रचना दिसते; मध्ये मणी घालून वाढवलेला असेल तर तो मणी दिसतो. मोती कोणाच्या गळ्यात होता, याच्याशी त्या खरेपणाचा संबंध नाही. गाडीच्या भागाचं उलट आहे. सी४० डायनॅमो ल्यूकसचाच आहे, हे सिद्ध होणं फारसं अवघड नसतं. पण 'या गाडीचा' हा गुण डायनॅमोच्या पोटात नसतो. तो त्याच्या आणि गाडीच्या इतिहासात असतो. गाडीचा भाग मोत्यासारखा तपासायला गेलं की उत्तर चुकतं. तो दस्तऐवजासारखा तपासावा लागतो: कुठे सापडला, सोबत काय होतं, आजूबाजूच्या पुराव्यांशी पटतो का.

बहारीनच्या इतिहासात असे आजूबाजूचे पुरावे चांगले मिळतात, आणि ते तपासायला ल्यूकसचं कॅटलॉग लागत नाही. एक उदाहरण रस्त्याचं. बहारीनमध्ये १९६७ पर्यंत वाहतूक भारतासारखी डाव्या बाजूने चालायची. त्या वर्षी ती उजवीकडे गेली. स्वीडननेही त्याच वर्षी बाजू बदलली, म्हणून जगाला स्वीडन आठवतं आणि बहारीन आठवत नाही. हेडलाइटच्या दृष्टीने ही घटना मोठी आहे. डाव्या वाहतुकीचा दिवा डिपरवर टाकला की प्रकाश डाव्या कडेला झुकतो, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जात नाही. तोच दिवा उजव्या वाहतुकीत समोरच्याला आंधळा करतो. भिंगाच्या रेषांची रचनाच दोन बाजूंसाठी वेगळी असते. पुढे आंतरराष्ट्रीय 'ई' खूण आली, तेव्हा तर ते भिंगावर वाचताच येऊ लागलं: फक्त डाव्या वाहतुकीच्या दिव्यावर बाण असतो, फक्त उजव्या वाहतुकीच्या दिव्यावर नसतो, आणि दोन्हींना चालणाऱ्यावर दोन तोंडांचा बाण असतो. 'ई'च्या शेजारचा आकडा मान्यता देणाऱ्या देशाचा. ११ म्हणजे ब्रिटन, १ म्हणजे जर्मनी.

आता समजा, मुहर्रकच्या ब्रिटिश हवाई तळावर नोकरीला असलेल्या एखाद्या अधिकाऱ्याने १९६४ मध्ये उजव्या स्टिअरिंगची स्पोर्ट्स कार इथे आणली, जाताना विकली आणि गाडी इथेच राहिली. पन्नास वर्षांनी ती विकायला निघते आणि विक्रेता सांगतो, 'हेडलाइटसकट सगळं कारखान्यातलं.' दिवे पाहिले तर खरंच १९६४चे, डावीकडे झुकणारे. नेहमीचा परीक्षक पूर्ण गुण देईल. तुम्ही मात्र थांबा आणि विचारा: १९६७ नंतर ही गाडी इथे रात्री चाललीच नाही का? की मालकाने समोरच्यांची पर्वा न करता चालवली? की दिवे त्या वेळी बदलले होते आणि विक्रीसाठी अलीकडे कुठून तरी जुने आणून पुन्हा बसवले? तिन्ही शक्यता आहेत. पण बहारीनमध्ये आयुष्य काढलेल्या गाडीच्या बाबतीत उजव्या वाहतुकीचे, १९६७-६८चे दिवे हा अधिक बोलका पुरावा आहे. 'चुकीच्या' दिव्यांनी ती गाडी त्या वर्षी इथे होती आणि रस्त्यावर होती, याची साक्ष दिली असती. गुण मिळवण्यासाठी ते दिवे फेकून दिले असतील, तर गाडीच्या आयुष्यातलं एक पान फाडून टाकलं गेलं.

दुसरं उदाहरण पैशाचं. बहारीनमध्ये १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये दिनार आला, दहा रुपयांना एक या दराने. त्याआधी इथे रुपया चालायचा; १९५९ पासून भारतीय रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी काढलेला आखाती रुपया. म्हणजे गाडीसोबत डायनॅमो बदलल्याची जुनी पावती दाखवली जात असेल आणि तिच्यावर १९६३ची तारीख पण रक्कम दिनारात असेल, तर ती पावती बनावट. रुपयांत असेल तर निदान पहिली परीक्षा ती पास झाली. कागद तपासणाऱ्यांची हीच रीत आहे: कागदाने स्वतःबद्दल केलेला दावा त्या काळाच्या बाकीच्या वस्तुस्थितीशी ताडून पाहायचा.

आता सर्वांत अवघड प्रश्नाकडे येऊ. डायनॅमोच्या आत आर्मेचर असतं, तांब्याच्या तारेचं वेटोळं. आखाती उन्हाळ्यात ते जळणं नवलाचं नाही. बाहेर चाळिशीच्या वर तापमान, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त आणि हवेत खारा दमटपणा. जळाल्यावर दोन रस्ते असतात: दुसरा डायनॅमो आणायचा, नाहीतर आर्मेचर पुन्हा गुंडाळायचं. आपल्याकडे दुसरा रस्ता धरतात. मुंबई, पुणे, कोल्हापूर, कुठल्याही गावात रिवाइंडिंगचं दुकान असतं. जुनी तार काढून, वेढे मोजून, नवी तार तितकेच वेढे भरतात, नवे कार्बन टाकतात, बुश बदलतात आणि डायनॅमो पुन्हा चालू करून देतात. हे कौशल्य आखातातही पोहोचलं, कारण ते हातात घेऊन भारतातून माणसं इथे आली.

असा रिवाइंड केलेला डायनॅमो परीक्षकासमोर ठेवा. बाहेरच्या नळकांड्यावर १९६४ची तारीख शाबूत आहे, पूर्ण गुण. आत वीज तयार करणारं तांबं मात्र कितीतरी नंतरचं, कोणा अनामिक कारागिराच्या हातचं. त्याच्या शेजारी दुसरा डायनॅमो ठेवा. यात कोणी हात घातलेला नाही, आतलं तांबंही कारखान्याचंच आहे, पण तो बसवला १९७० साली आणि अंगावर तेच वर्ष. याला शून्य गुण. नेमकं कशाचं मोजमाप झालं? फक्त कवचाचं. दुरुस्ती जितकी दिसेनाशी, तितकी ती माफ. जितकी उघड, तितकी ती दोषी. अशा नियमाखाली ज्या हातांनी गाडी साठ वर्षं चालती ठेवली, त्या हातांचा ठसा पुसणं हेच 'रिस्टोरेशन' होऊन बसतं.

इथे आपल्याला, आखातातल्या मराठी माणसांना, जास्त टोचायला हवं. ब्रिटिश गाडीचा 'ओरिजिनल' इतिहास बर्मिंगहॅममध्ये सुरू होतो हे खरं, पण तो तिथे संपत नाही. ल्यूकसच्या भागांची भारतीय शाखाही आहे: १९६१ मध्ये ल्यूकस आणि टीव्हीएस यांची भागीदारी झाली आणि चेन्नईजवळच्या पाडी इथे ल्यूकस-टीव्हीएसचा कारखाना उभा राहिला. आपल्या ॲम्बेसेडर आणि फियाटच्या बॉनेटखाली हे नाव आपण पाहिलेलं आहे. समजा इंग्रजी गाडीत आज ल्यूकस-टीव्हीएसचा एखादा भाग सापडला. यादी पाहून गुण देणारा त्याला सरळ 'चुकीचा' म्हणेल. इतिहास वाचणारा म्हणेल, ही गाडी भारताच्या वाटेवर कुठेतरी जगली, किंवा तिची काळजी घेणारा माणूस सुट्टीवरून परत येताना सुटकेसमधून हा भाग घेऊन आला. यातलं खरं काय ते शोधावं लागेल, पण तो भाग काढून टाकला तर शोधण्यासारखं काही उरणारच नाही.

यावर दुसऱ्या बाजूचं म्हणणं मला ऐकू येतं, आणि ते हलकं नाही. 'दुरुस्तीच्या नावाखाली सगळंच जपायचं ठरवलं, तर इन्सुलेशन टेप गुंडाळलेल्या, फ्यूजच्या जागी सिगारेटची चांदी लावलेल्या वायरिंगलाही वारसा म्हणायचं का?' नाही. ते धोकादायक आहे आणि ते काढलंच पाहिजे. सुती वेणीच्या आतलं साठ वर्षांचं इन्सुलेशन उन्हाने तडकलेलं असेल, तर अस्सल असूनही ते बदलावं. दोन फ्यूजांवर चालणाऱ्या गाडीत तपकिरी वायरीला फ्यूजचं संरक्षण नाही, म्हणजे ती कुठे घासून बॉडीला टेकली तर आगच. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत आजच्या जोडणीचा रेडिओ किंवा मोबाइलचा चार्जर नीट न समजता लावणं हाही अपघातच. जपायचं म्हणजे गाडीवरच ठेवायचं असा अर्थ नाही. नोंद करायची, फोटो काढायचा, काढलेला भाग चिठ्ठी लावून डब्यात ठेवायचा.

आणि हे माझ्या मनाचं नाही. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिवाने, २०१२ मध्ये स्वीकारलेली ट्युरिन सनद जवळपास हेच सांगते. इमारतींच्या जतनासाठी १९६४ मध्ये व्हेनिसची सनद झाली, तिच्या धर्तीवर ही आहे. वाहनाचा सगळा इतिहास महत्त्वाचा. केलेले बदल शक्यतो परत फिरवता येतील असे असावेत. बदललेले भाग ओळखता यावेत. काढलेले महत्त्वाचे मूळ भाग गाडीसोबत ठेवावेत. तत्त्व मान्य झालं आहे. बाजार आणि स्पर्धा अजून तिथवर पोहोचलेली नाहीत, कारण गुणपत्रिकेत तारीख मोजणं सोपं आहे आणि इतिहास मोजणं कठीण.

प्रत्यक्षात हे करायचं कसं, याचा नमुनाही पुण्यात आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं आणि १९६६ मध्ये ते पूर्ण झालं. शेकडो हस्तलिखितं ताडून संपादकांनी एक पाठ सिद्ध केला, पण ज्या ओळी वगळल्या त्या फेकल्या नाहीत. त्या तळटिपांत आणि परिशिष्टांत ठेवल्या, कुठल्या प्रतीत कुठला पाठ आहे हे लिहून. त्यामुळे संपादकांशी असहमत असलेला वाचकही त्याच ग्रंथाच्या आधारे वाद घालू शकतो. जुन्या गाडीच्या मालकाने अशीच एक वही ठेवावी. प्रत्येक इलेक्ट्रिकल भागासाठी एक ओळ: मॉडेल, पार्ट नंबर, ठोकलेली तारीख, कधी आणि कुठे बसवला, हे कशावरून, आणि खात्री किती. 'डायनॅमो, सी४०, मार्च १९६४, गाडीच्या बांधणीशी सुसंगत. मूळचा असल्याचा स्वतंत्र पुरावा नाही. आर्मेचर रिवाइंड केलेलं' असं लिहिलं, तर त्यात खोटं काही नाही आणि गाडीची शानही कमी होत नाही. उलट अशी वही असलेली गाडी मी जास्त विश्वासाने विकत घेईन, कारण जिथे शंका आहे तिथे शंका लिहिणारा मालक, जिथे खात्री आहे म्हणतो तिथेही खरं बोलत असण्याची शक्यता जास्त.

हा प्रश्न लवकरच आणखी गुंतणार आहे, आणि त्याचा एक धागा पुन्हा बहारीनकडे येतो. बहारीनच्या मुमतलकात या सरकारी गुंतवणूक कंपनीने २००७ मध्ये मॅक्लारेनमध्ये तीस टक्के वाटा घेतला आणि पुढची बरीच वर्षं मॅक्लारेनची मालकी मोठ्या प्रमाणात या छोट्या बेटाकडे होती. त्याच मॅक्लारेनची १९९०च्या दशकातली एफ१ ही रस्त्यावरची गाडी, एकूण १०६ बनलेली, आज क्लासिक झाली आहे. तिच्या इलेक्ट्रॉनिक्सशी बोलण्यासाठी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये कॉम्पॅकचे जुने लॅपटॉप जपून ठेवावे लागले, कारण त्यातल्या खास कार्डाशिवाय आणि त्या जुन्या प्रोग्रॅमशिवाय गाडी उत्तरच देत नव्हती. आता सांगा, तो लॅपटॉप गाडीचा अस्सल भाग आहे का? त्याच्या जागी नवं यंत्र आणलं, तर ती नक्कल की बनावट? ठोकलेली तारीख वाचून याचं उत्तर मिळणार नाही. उद्याच्या क्लासिक गाड्यांमध्ये वायरपेक्षा प्रोग्रॅम जास्त असेल, आणि प्रोग्रॅमची हुबेहूब प्रत काढायला तर क्षणही लागत नाही. ज्यांनी आज अस्सल, नक्कल आणि बनावट यांतला फरक नीट शिकून घेतला, त्यांनाच तेव्हा काही बोलता येईल.

तोवर तुम्ही गाडी बघायला जाल, तेव्हा टॉर्च आणि छोटा आरसा न्या, डायनॅमोच्या पोटाखालची तारीख वाचा, ती जरूर वाचा. मग विक्रेत्याला विचारा की काढलेले भाग कुठे आहेत. डबा समोर आला, तर शांतपणे बसा आणि एकेक भाग हातात घेऊन पाहा. डबा नसेल, तर 'सगळं ओरिजिनल' या वाक्यासाठी मागितलेले जास्तीचे पैसे देऊ नका.